पंखांना कायदा, डोळ्याला मोकळीक

आठवीच्या वर्गात आम्ही नागरिकशास्त्र शिकवत होतो. धडा मूलभूत हक्कांचा. उर्दूत त्यांना 'बुनियादी हुकूक' म्हणतात. पोलिसांना कुणाच्याही घरात वाटेल तेव्हा शिरता येत नाही, तलाशी घ्यायची तर कायद्याची रीत पाळावी लागते, हे आम्ही नेहमीच्या सवयीने सांगून टाकले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो तोंड उघडत नाही. म्हणाला, "सर, परसों ड्रोन आया था. हमारी छत पे रुका. वो तलाशी थी क्या?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि आम्हांला हायसे वाटले. शिक्षकाला घंटेने वाचवावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढावे ते शिकवतात. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते शिकवत नाहीत. त्या मुलाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

प्रसंग २०२३ सालचा. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत आणि इतरही अनेक ठिकाणी मुसलमानांनी आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला. सरकारने २९ तारखेची सुट्टी दिली. आमच्या तालुक्याच्या गावातही तसेच ठरले. शांतता समितीची बैठक झाली, चहा झाला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. आणि विसर्जनाच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, मोहल्ल्यावर ड्रोन आला.

आमची अम्मी न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसली होती. डोक्यावर ओढणी नव्हती. स्वतःच्या गच्चीवर, दुपारच्या वेळी, कोण येणार आहे? आधी तिला वाटले मधमाश्यांचे मोहोळ उठले. वर पाहिले तर चार पंख्यांचे ते यंत्र समोर थांबलेले. ती तशीच जिना उतरून खाली आली आणि दाराआड बसून राहिली. पुढचे तीन दिवस ती वर गेली नाही. कपडे घरातच वाळले, ओल्या कपड्यांचा वास घरभर भरून राहिला. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. तक्रार करायची तर कसली करायची?

शेजाऱ्याची कथा आणखी वेगळी. मुलाचे लग्न ठरले म्हणून त्याने गच्चीवर एक खोली आणि न्हाणी काढायला घेतली होती. विटा आणून ठेवल्या होत्या. ड्रोनने विटा पाहिल्या. संध्याकाळी त्याला चौकीवर बोलावणे आले. विटा कशाला जमवल्या, असा सवाल झाला. त्याने नकाशा दाखवला, गवंड्याला बोलावून उभे केले. मगरीबची अजान झाली तरी तो बाकावर बसूनच होता. शेवटी कागदावर सही घेऊन त्याला सोडले आणि विटा खाली उतरवायला सांगितल्या. त्याने त्या रात्री पाठीवरून विटा उतरवून गल्लीत रचल्या. दोन दिवसांनी रस्ता अडवला म्हणून दुसऱ्या कचेरीची नोटीस आली. लोक हा किस्सा हसून सांगतात. शेजारी अजून हसलेला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही वकील नाही. परंतु पुस्तक वाचता येते, आणि वाचून दाखवणे हा तर आमचा धंदाच आहे.

समजा ड्रोनऐवजी एक हवालदार आमच्या दारावर आला असता. वॉरंट नसताना घराची तलाशी घ्यायची असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ आहे. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५ होते. अधिकाऱ्याने आपल्याला असे का वाटते, ते कारण लेखी नोंदवले पाहिजे. आता तर त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. कलम १०३ म्हणते, मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, सापडलेल्या वस्तूंची यादी हवी, घरमालकाला हजर राहू दिले पाहिजे.

आणि कलम ४४ तर आमच्या वाचकांनी आवर्जून पाहावे. अटक करायचा माणूस घरात लपला आहे, पोलिसांना दार तोडून शिरायचे आहे, अशा घाईच्या वेळीही जी स्त्री रिवाजाप्रमाणे लोकांसमोर येत नाही तिच्या खोलीत शिरण्यापूर्वी तिला तशी सूचना द्यावी लागते, आणि तिथून निघून जायला वाव द्यावा लागतो. हा नियम आजचा नाही. इंग्रजाच्या १८९८ च्या संहितेतही तो होता. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या शिपायालाही पडद्यातल्या बाईला, 'आम्ही येतो आहोत, आपण बाजूला व्हा,' असे सांगावे लागत होते. आमच्या अम्मीला कुणी सांगितले? ती तर आरोपीही नव्हती आणि घरात कुणी लपलेलेही नव्हते.

कुणी म्हणेल, ड्रोन घरात शिरला कुठे? तो तर आकाशात होता. इथेच खरी मेख आहे. जमिनीवरून येणाऱ्या पोलिसासाठी सव्वाशे वर्षांत एकेक कडी घडवली गेली. वरून येणाऱ्यासाठी एकही कडी नाही. छपराला कडी लावायची असते, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मग ड्रोनचा कायदा नाही का? आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम जाहीर केले. ते आम्ही वाचले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, मग स्मॉल, मीडियम, लार्ज, अशी वजनाची उतरंड आहे. नोंदणी आहे, चालकाचे प्रमाणपत्र आहे. हिरवा, पिवळा, लाल असे आकाशाचे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. ड्रोन पडून नुकसान झाले तर त्यासाठी विम्याचीही तरतूद आहे. म्हणजे ड्रोनने आमची कौले फोडली तर नियम आहे. ड्रोनने आमच्या घरात डोकावले तर नियम नाही. २०१८ च्या नियमावलीत निदान एक वाक्य होते, की कुणाच्या खासगीपणाचा भंग होऊ नये याची जबाबदारी चालवणाऱ्यावर राहील. २०२१ च्या नियमांत ते वाक्यही उरले नाही. पंखांना कायदा आहे. डोळ्याला मोकळीक आहे.

दुसरे दार आहे ते माहिती संरक्षणाच्या कायद्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आम्ही आशेने उघडला आणि कलम १७ वर येऊन थांबलो. गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी सवलत. शिवाय सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही सरकारी यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकते. दुकानदाराने आमचा मोबाइल नंबर विकला तर त्याने गुमान जाब द्यायचा. ज्याच्याकडे आमच्या गच्चीचे चित्रण आहे, त्याच्यासाठी मात्र मागचे दार.

म्हणून शेवटी राज्यघटनेकडेच जावे लागते. तिथे मात्र एक लांब कहाणी आहे, आणि ती आपल्या मुलांना माहीत असायला हवी. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाचा एक माणूस होता. दरोड्याच्या एका प्रकरणात त्याला पकडले होते, पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची फाइल उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार दार ठोठावायचे, आहेस का, म्हणून विचारायचे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये निकाल लागला. रात्री घरी जाऊन दार ठोठावणे बेकायदा ठरले. पण त्याच्या हालचालींवर नजर ठेवणे चालू राहिले. कारण न्यायालयाच्या बहुमताने सांगितले, की खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हाच विरोधी मत लिहून ठेवले होते. ते खरे ठरायला ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

त्या निकालाने सरकारच्या हाताला मर्यादा घातल्या. खासगीपणावर गदा आणायची तर आधी तसा कायदा पाहिजे. त्याचा हेतू रास्त पाहिजे. आणि उपाय हेतूच्या प्रमाणात पाहिजे, माशी मारायला तोफ नको. आता या कसोट्या आमच्या गच्चीला लावा. कायदा कोणता? पोलिसांनी सुव्यवस्था राखावी असे १९५१ च्या पोलीस कायद्यात आहे. पण तो लिहिणाऱ्यांनी ड्रोन पाहिला नव्हता, आणि 'सुव्यवस्था राखा' या दोन शब्दांत सारे मावते असे मानले, तर मग कलम १८५ तरी कशाला हवे? हेतू? मान्य करू, दगडफेक होऊ नये हा हेतू रास्तच आहे. प्रमाण? एका मिरवणुकीसाठी सगळ्या मोहल्ल्याच्या गच्च्या, सगळ्या बायका, सगळी चित्रणे, आणि ती किती दिवस ठेवणार याचा पत्ता नाही. पहिल्याच कसोटीत जे बसत नाही, ते तिसरीत कुठून बसणार?

फोन चोरून ऐकण्याबाबतही एके काळी असाच अंधार होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या खटल्यात रीत घालून दिली. गृहसचिवाचा हुकूम हवा, तो दोन महिने चालेल, सगळा मिळून सहा महिन्यांपलीकडे नाही, वर फेरतपासणी समिती बसेल. ही रीत नेहमी पाळली जाते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोडायला तरी रीत आहे. ड्रोनबाबत मोडायलाही काही नाही.

आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ड्रोन कुणाच्या हुकमाने उडाला, चित्रण कुठे आहे, ते कधी पुसणार, एवढेच तीन प्रश्न. उत्तर आले, माहिती दिल्यास तपासात बाधा येईल. कसला तपास? त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातला एकही गुन्हा नोंदलेला नव्हता.

हेच सरकार मनात आणले तर किती नीट वागू शकते, तेही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आपल्या राज्यातल्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली. तिथे आधी ग्रामसभेत सांगितले गेले. लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखल्या. मग ड्रोन उडाला, आणि पुढे लोकांच्या हातात सनद आली. ड्रोन तोच, आकाश तेच. गावठाणाला आधी सांगितले आणि सनद दिली. मोहल्ल्याला न सांगता नोटीस दिली.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा आहे असेही कुणी समजू नये. २०१४ मध्ये दिल्लीच्या त्रिलोकपुरीत दंगलीनंतर ड्रोनने गच्च्या तपासल्या, तेव्हा इतरांना वाटले, आपले काय जाते? फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरयाणाच्या शंभू सीमेवर हरयाणा पोलिसांच्या ड्रोनने शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी पतंग उडवून ड्रोन पाडायचा प्रयत्न केला. दहा वर्षांत डोळ्याला हात फुटला. जे आज मोहल्ल्यावर चालते, ते उद्या शेतावर येते.

बाहेरच्या देशांत काय चालते? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पोलिसांनी ४०० फुटांवरून हेलिकॉप्टरमधून एकाच्या आवारात पाहिले. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, वॉरंटची गरज नाही. पण त्याच फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये कायदा केला, की ठरावीक अपवाद सोडता पोलिसांना ड्रोनने टेहळणी करायची तर न्यायाधीशाचे वॉरंट हवे. न्यायालयाने दिले नाही ते लोकांनी विधिमंडळाकडून घेतले. फ्रान्समध्ये टाळेबंदीत पॅरिसच्या पोलिसांनी ड्रोन फिरवले. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १८ मे २०२० रोजी ते थांबवले. मग सरकारला कायदा करावा लागला. २०२२ च्या त्या कायद्यात जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्याची परवानगी लागते, आवाज टिपायला आणि यंत्राने चेहरे ओळखायला मनाई आहे, घरांच्या आतले चित्रण टाळायचे आहे, आणि चित्रण सात दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. फ्रान्स मुसलमानांच्या लाडांसाठी प्रसिद्ध नाही. तरीही तिथे रीत आहे.

आता थोडे आपल्याच घरात पाहू, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढणाऱ्याने आपलेही डोळे धुतलेले बरे. ड्रोन आला तेव्हा आपले पुढारी काय म्हणाले? "जिसने कुछ किया नहीं उसे डर काहे का." आमच्या अम्मीने काय केले होते? केस धुतले होते. भीती गुन्हेगारालाच वाटते हे खरे असते, तर दाराला कडी कुणी लावलीच नसती. आणि आपली तरुण पोरे? लग्नात भाड्याने ड्रोन आणतात, शेजारच्या गच्चीवर उभ्या असलेल्या बायका-मुलींचे चित्रण करून मोबाइलवर फिरवतात. मुलीचा मोबाइल तपासणारा बाप आणि गच्ची तपासणारा अंमलदार यांची समजूत एकच असते, की ज्याच्या हातात सत्ता त्याला पाहायचा हक्क. पडदा पडदा म्हणून आम्ही बायकांना घरात कोंडले. पण कायद्याने त्याच बाईला दिलेले कलम ४४ किती मौलवींनी, किती शिक्षकांनी वाचले आहे? आम्ही स्वतः हा लेख लिहीपर्यंत वाचले नव्हते.

वास्तविक आम्हांला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे. सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये असे बजावले आहे. आणि हजरत उमर यांची रिवायत तर घराघरांत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना गाण्याबजावण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर माणूस शराब घेऊन बसलेला. त्यांनी त्याला दरडावले. तो म्हणाला, की माझी चूक एक आहे, आपल्या तीन आहेत. आपण टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम केला नाहीत. खलीफा निरुत्तर झाले आणि त्याला सोडून निघून गेले. आम्ही ही रिवायत खलीफाची थोरवी म्हणून सांगतो. ती त्या माणसाच्या हक्काची गोष्ट आहे, हे विसरतो. आणि हेही पाहा, की खलीफाला स्वतः भिंत चढावी लागली. त्यांचा चेहरा त्या माणसाला दिसला, तोंडावर जाब विचारता आला. ड्रोनला तोंड नाही. जाब कुणाला विचारायचा?

म्हणून आम्ही शरियतचा वेगळा कायदा मागत नाही. राज्यघटनेने जे दिले आहे, ते आकाशापर्यंत पोचवा एवढेच मागतो. पुरात अडकलेल्यांना शोधायला, हरवलेले पोर शोधायला, रस्त्यावरची गर्दी सांभाळायला ड्रोन खुशाल उडवा. आम्ही दुवा देऊ. परंतु वस्तीच्या घरांवर आणि गच्च्यांवर नजर ठेवायची असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा आणि त्यात कारण, जागा, वेळ लिहिलेली हवी. एखाद्या ठरावीक घरावर रोखायचा असेल तर दंडाधिकाऱ्याचे वॉरंट हवे. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर आधी उडवा, पण ४८ तासांत दंडाधिकाऱ्याला लेखी कळवा, हवालदाराने कळवायचे तसेच. बंदोबस्ताचा ड्रोन असेल तर आधी ध्वनिक्षेपकावरून सांगा, म्हणजे आमच्या आयाबहिणी खाली उतरतील. गुन्हा नसेल तर चित्रण ठरलेल्या दिवसांत पुसा. चेहरे ओळखणारे यंत्र त्याला जोडू नका. प्रत्येक उड्डाणाची नोंदवही ठेवा आणि वर्षाच्या शेवटी आकडे लोकांसमोर मांडा. यात एकही मागणी अशी नाही, जी जमिनीवरच्या पोलिसाला किंवा फोन ऐकणाऱ्याला आजवर कुठल्या ना कुठल्या रूपात लावली गेली नाही.

हे आपोआप होणार नाही. हैदराबादच्या एका सामाजिक कार्यकर्त्याला २०२१ मध्ये रस्त्यात अडवून, तोंडावरचा मास्क काढायला लावून पोलिसांनी फोटो काढला. तो गप्प बसला नाही, चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध त्याने तेलंगणच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या प्रत्येक जमातीत वकील आहेत, प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी पदवीधर आहे. माहितीचा अर्ज लिहायला एक कागद लागतो. शांतता समितीच्या पुढच्या बैठकीत हार घालण्याआधी एवढे तरी विचारा, की ड्रोन कुणाच्या हुकमाने उडणार आहे.

तो मुलगा आता आमच्या शाळेतून बाहेर पडला आहे. कुठे भेटला तर त्याला सांगायचे आहे, की हां बेटा, वो तलाशी ही थी. तिची रीत अजून कुणी लिहिलेली नाही, एवढेच. आमची अम्मी मात्र पुन्हा गच्चीवर जाऊ लागली आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थांबते, ओढणी डोक्यावर घेते, आधी आकाशाकडे पाहते, आणि मगच स्वतःच्या घराच्या गच्चीवर पाऊल ठेवते.